कौतुकाचं जमा-नावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी आपल्याकडे दत्तजन्म होतो. कीर्तन रंगात आलेलं असतं, बुवा खूण करतात, फुलं आणि गुलाल उधळला जातो आणि पाळण्याच्या दोरीला हात लागावा म्हणून एकच गर्दी होते. सुंठवडा हातात पडतो, आपण घरी येतो. पण त्या पाळण्यात निजलेलं कोण आहे, याचा आपण कधी शांतपणे विचार केला आहे का?

श्रीगुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात अत्रिऋषींच्या आश्रमात तीन अतिथी येतात. एक सृष्टी निर्माण करणारा, एक तिचा सांभाळ करणारा आणि एक तिचा लय करणारा. सती अनसूयेची परीक्षा घ्यायला म्हणून आले आणि तिच्या पातिव्रत्याच्या तेजाने तिघांचीही तान्ही बाळं झाली. ज्याच्या मुखातून वेद बाहेर पडले त्याला आता साधं ‘आई’ म्हणता येईना. ज्याने तीन पावलांत त्रैलोक्य मोजलं त्याला एक पाऊल टाकता येईना. ज्याने हलाहल पचवलं त्याला दुधाशिवाय दुसरं काही चालेना. सगळी थोरवी, सगळा अधिकार पाळण्याच्या बाहेर राहिला. आणि अनसूयामाईने काय केलं? पोटाशी धरलं, दूध पाजलं, जोजवलं. तिघांतला आधी पालथा कोण पडतो, पहिला दात कोणाला येतो, हे तिने मोजलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आपण मात्र मोजतो. या अंकाचे बहुतेक वाचक माझ्यासारखेच आजोबा-आजी झालेले, म्हणून आज हाच विषय घ्यावा म्हटलं. बाळाचं पहिलं हसू, पहिलं पाऊल, पहिला शब्द, मग पहिली कविता, पहिलं बक्षीस. आणि या सगळ्यांतून आपल्याला वाटणारं भूषण.

हे भूषण वाईट, असं सांगायला मी बसलेलो नाही. आपल्या धर्माने तर बाळाच्या प्रत्येक टप्प्याला देवासमोर आणून उभं केलं आहे. पाचवी पुजायची, बाराव्या दिवशी बारसं, मग कान टोचणं, उष्टावण, जावळ, संक्रांतीला बोरन्हाण. माझी आजी तर घरातलं मूल पालथं पडलं, बसायला लागलं, उंबरा ओलांडला की त्या त्या दिवशी काहीतरी गोडाधोडाचं करायची आणि आळीतल्या मुलांना वाटायची. ‘माझा नातू कसा लवकर चालला’ हे सांगायला नव्हे, तर आनंद झाला म्हणून. आणि त्याच हाताने ती बाळाच्या गालावर काजळाची तीट लावायची. नजर लागते की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण त्या गालबोटात एक शहाणपण होतं. फार मिरवू नका, एवढंच ते सांगत होतं.

आता तीट गेली आणि मोबाइल आला. संध्याकाळी आमच्या बाकावर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी बसतो. राजकारण, पेन्शन, गुडघे हे विषय संपले की खिशातून मोबाइल निघतात. ‘बघा, आमची अकराव्या महिन्यात धावते.’ ‘आमचा दीड वर्षाचा, पण गाड्यांची सगळी नावं सांगतो.’ ‘आमच्या नातीला अडीच वर्षांत अथर्वशीर्ष पाठ.’ सगळे वाकून बघतात, वाहवा करतात. एखाद्याचा मोबाइल मात्र खिशातच राहतो. तो म्हणतो, ‘आमचा अजून लहान आहे,’ आणि घरी जायला उठतो. त्याचा नातू तेवढ्याच वयाचा असतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारी नोकरी बँकेत कारकुनी करण्यात गेली. त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की कुठलीही रक्कम एका खात्यात जमा केली की ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलीच पाहिजे, नाहीतर दिवसाचा हिशेब जुळत नाही. चारचौघांत केलेल्या कौतुकाचंही तसंच आहे. ‘आमची अकराव्या महिन्यात’ असं म्हणून आपण आपल्या घरी जमा करतो, तेव्हा शेजारच्या एखाद्या घरी ती रक्कम नावे पडत असते. आणि त्या घरात ती भरते कोण? बहुतेक वेळा सून. ‘तू त्याच्याशी बोलतच नाहीस’, ‘त्याला नुसता मोबाइल दाखवतेस’, ‘तुमच्याकडे असतील उशिरा बोलणारे’ हे तिला ऐकावं लागतं. बाळाला त्यातलं काहीच कळत नाही, हे एक बरं.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मुलांनी कधी काय करावं याचे आपल्या डोक्यातले आकडे फार कडक असतात. वर्षाला चाललंच पाहिजे! जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची नोंद ठेवून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसायला कोणी चौथ्या महिन्याच्या सुमाराला लागलं, तर कोणी नवव्या महिन्याच्या. आधाराशिवाय चालायला कोणी आठव्या महिन्यानंतर लागलं, तर कोणी साडेसतराव्या महिन्याला. आणि सगळी मुलं चांगली धडधाकट. शंभरांतली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. आठ आणि साडेसतरा यांच्यात केवढं अंतर आहे बघा. आपलं मूल त्या अंतरात कुठे बसलं याचा अभिमान किंवा लाज धरणं म्हणजे पोस्टमनने टपाल सकाळी टाकलं की दुपारी टाकलं यावरून पत्रातला मजकूर ठरवण्यासारखं आहे.

आता आपल्या दत्तप्रभूंकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, हे आपल्याला ठाऊक आहे. श्रीएकनाथ महाराजांनी त्याच स्कंधावर काशीमध्ये टीका पूर्ण केली, शके १४९५ मध्ये. आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त, हेही आपल्याला माहीत आहे. या चोवीस गुरूंमध्ये आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. ही कथा आपण ‘आसक्ती वाईट’ एवढ्यावर संपवतो. पण ती नीट वाचली तर थेट आपल्या घरातली आहे. कबुतराच्या जोडीला पिल्लं होतात. त्यांच्या मऊ पंखांचा स्पर्श, त्यांचं किलबिलणं, त्यांच्या भाबड्या हालचाली, आईबापांना पाहून पुढे धावत येणं, हे सगळं बघून ती दोघं हरखून जातात. दुसऱ्या कशाचं भानच राहत नाही. एक दिवस दोघं चारा आणायला जातात, मागे पारधी जाळं टाकतो आणि पिल्लं अडकतात. ती दिसताच मादी आक्रोश करत जाळ्यात झेप घेते आणि तिच्या मागून नरही. पारध्याचं काम सोपं होतं.

पिल्लांवर प्रेम केलं म्हणून कबुतर बुडालं, असं अवधूत म्हणत नाही. हरखण्यात त्याची बुद्धीच गेली, हा तिथला मुद्दा आहे. जाळं दिसत असूनही सोडवण्याचा विचार करायला डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्या आईबापांची दृष्टी कौतुकाने भरून गेली, त्यांना मुलाची अडचण दिसत नाही. आणि ज्यांची लाजेने भरून गेली त्यांनाही ती दिसत नाही. पुढे मी एक हकीकत सांगणार आहे ती याच संदर्भात.

एकोणिसावा गुरू आहे खुद्द बालक. त्याच्यापासून काय शिकलो, तर मानही नाही आणि अपमानही नाही, असं अवधूत सांगतो. बघा, पहिलं पाऊल टाकणारं मूल पडतं, उठतं, पुन्हा टाकतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या तर ते तुमच्याकडे बघून हसतं, नाही वाजवल्या तरी पुन्हा टाकतंच. त्याला चालायचं असतं. चालण्यात पहिला नंबर यायचं नसतं. नंबर आपला असतो. थोड्या दिवसांनी मात्र ते पाऊल टाकण्याआधी आपल्याकडे बघायला लागतं, टाळ्या वाजतात की नाही म्हणून. अवधूताने ज्याला गुरू केलं त्याला आपण शिष्य करतो, आणि शिकवतो काय, तर मान-अपमान.

ज्ञानेश्वर माउलींचं उदाहरण लोक नेहमी देतात, पंधरा-सोळाव्या वर्षी एवढा ग्रंथ! खरं आहे. पण माउलींनी त्याचं सगळं श्रेय निवृत्तिनाथांच्या पायाशी ठेवलं, ते उदाहरण मात्र आपण मुलांना देत नाही.

बँकेत लहान मुलांच्या नावाने खाती असत. पासबुकावर मुलाचं नाव आणि त्याखाली ‘अ. पा. क.’ लिहून वडिलांचं किंवा आईचं नाव. अ. पा. क. म्हणजे अज्ञानपालनकर्ता. पैसे मुलाचे, सही पालकाची, आणि व्यवहार मुलाच्या हिताचा. मूल अठरा वर्षांचं झालं की पालकाचा अधिकार संपला; मुलाच्या सहीचा नवा नमुना घ्यायचा. काउंटरवर कितीतरी वडील चिडायचे. ‘एवढी वर्षं पै पै मी भरली आणि आता माझी सही चालत नाही?’ त्यांना चहा पाजून समजवावं लागे. मुलाच्या यशाच्या बाबतीत आपण सगळे तेच वडील आहोत. भरणा आपण केला असेल, नाही असं नाही. पण खातं आपलं नव्हतं.

आता सप्ताहाला बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. सात दिवसांच्या नेहमीच्या क्रमात पहिल्या दिवशी आपण नवव्या अध्यायापर्यंत येतो आणि दुसऱ्या दिवशी दहापासून एकविसापर्यंत. त्यामुळे आठवा अध्याय एका दिवशी येतो आणि अकरावा दुसऱ्या दिवशी, मध्ये रात्र जाते आणि दुवा निसटतो. तो दुवा म्हणजे एक आई.

आठव्या अध्यायात कृष्णेच्या काठी कुरवपूरच्या एका विद्वान ब्राह्मणाची बायको आहे, अंबिका. मुलं जगत नव्हती, एक जगला तो मंदमती. मुंज झाली तरी काही येईना. बाप शिकवी, मारी. आई मध्ये पडे. पुढे बाप वारला, माय-लेक भिक्षेवर आले. आणि लोक? एवढ्या पंडिताच्या पोटी हा असा कसा, हे तोंडावर विचारू लागले. शेवटी मुलगा जीव द्यायला नदीवर निघाला आणि आईही त्याच्यासोबत. हे वाचताना माझा आवाज दरवर्षी अडतो. ती आई उपासमारीने मरायला निघाली नव्हती. ती लोकांच्या बोलण्याने निघाली होती. तिथे श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं, शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं आणि त्या मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. आपल्यासारखा पुत्र पुढच्या जन्मी व्हावा, असं तिने मागितलं.

दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय. तीच अंबिका आता कारंज्याला माधव ब्राह्मणाची पत्नी झाली आहे. वर मिळालेला, प्रत्यक्ष प्रभू पोटी आले. आता तरी हिच्या पदरात कौतुक पडावं की नाही? बाळ जन्मताच ॐ म्हणालं, आणि त्यानंतर सात वर्षं ॐ शिवाय एक शब्द नाही! म्हणजे पहिल्या जन्मी मंदमती मुलाची आई आणि दुसऱ्या जन्मी मुक्या मुलाची आई. लोक पुन्हा तेच. कोणी म्हणे मुका आहे, कोणी म्हणे कुलदेवतेला साकडं घाला, कोणी म्हणे पिंपळाच्या पानावर जेवू घाला. मुंज ठरली तेव्हाही कुजबुज झालीच की मुक्याला गायत्री कशी सांगणार.

वर मागताना ‘माझा मुलगा लवकर बोलू दे’ असं तिने मागितलं नव्हतं, आणि प्रभूंनीही ते दिलं नाही. ज्याला तीन वेद मुखोद्गत होते त्याला सातव्या वर्षापर्यंत गप्प बसायला काय अडचण होती? मला वाटतं, लोकांच्या वहीतून आईचं नाव काढून टाकण्याचाच तो मार्ग होता. मुंजीत आईने पहिली भिक्षा घातली तेव्हा ऋग्वेद, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. सारा मंडप थक्क. आणि तिचं मन भरून येतं न येतं तोच मुलगा म्हणाला, आता मला निरोप दे. सात वर्षं ज्या बोलण्याची वाट पाहिली त्या बोलण्यात पहिलं मागणं निरोपाचं! मिरवायला तिला एक संध्याकाळसुद्धा मिळाली नाही. ती रडली, तेव्हा तिला आणखी मुलं होईपर्यंत ते थांबले, जुळे झाले आणि मग निघाले.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी मी वाचन संपवून पोथी बासनात बांधत होतो. एक तरुण सून मागे थांबली. तिच्या सासूबाई आमच्या नेहमीच्या. पण वर्षभर नातवाला देवळात आणेनाशा झाल्या होत्या. ती म्हणाली, “काका, एक विचारू? आमचा तीन वर्षांचा झाला. बोलत नाही. आई म्हणतात, नरहरीसारखा मुंजीनंतर बोलेल. याचे बाबाही उशिराच बोलले होते म्हणे. खरंच थांबायचं का?”

अशा वेळी पोथी वाचणाऱ्याची जबाबदारी फार मोठी असते. मी म्हटलं, “बस जरा. हा अध्याय पुन्हा बघू. नरहरी बोलत नव्हता, पण ऐकत होता. सगळं समजत होतं. आईबाप चिंता करतात हे कळल्यावर त्याने लोखंडाला हात लावून सोनं करून दाखवलं. मुंज करा मग बोलेन, हे खुणेने सांगितलं. तुझं बाळ हाक मारल्यावर वळतं का?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “समोरून बोललं की बघतो. मागून नाही. आई म्हणतात, खेळात असतो.”

“मग कानाच्या डॉक्टरांकडे ने. उद्याच. आणि हे बघ, माधव आणि अंबा यांनीसुद्धा हातावर हात ठेवून वाट पाहिली नाही. त्या काळात जो जो उपाय कोणी सांगितला तो केला. आज आपल्याकडे त्याहून चांगले उपाय आहेत.”

आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असावं. काही बोलल्या नाहीत. चपला घालून पुढे निघून गेल्या.

वाचकांसाठी एवढं सांगतो की झोपलेल्या बाळाच्या डोक्याला छोट्या पट्ट्या लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे पाहण्याची तपासणी आता होते. तिला बेरा म्हणतात, दुखत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानांचीही तपासणी करता येते. मुंबईत वांद्र्याला वाणी आणि श्रवणासाठी अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. आणि यात जितकं लवकर कळेल तितकं बरं, कारण भाषा शिकण्याची मुलाची सगळ्यात सुपीक वर्षं हीच असतात. लवकर, हा शब्द कुठे वापरावा तर इथे.

त्या बाळाला ऐकू कमी येत होतं, दोन्ही कानांनी. आता श्रवणयंत्रं आहेत, आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे जातात. आई रोज घरी तासभर घेऊन बसते. शब्द अजून मोजकेच आहेत, आणि तेही घरच्यांनाच समजतात. कोणी मंडप थक्क वगैरे होत नाही.

आजी मात्र आता त्याला रोज आरतीला आणतात. पहिल्या रांगेत, घंटेच्या खाली. घंटा वाजली की तो दचकतो, वर बघतो आणि यंत्र कानातून काढून कुठेतरी ठेवून देतो. मग आरती संपल्यावर आम्ही सगळे म्हातारे चष्मे सावरत ते शोधत बसतो. मागच्या गुरुवारी ते नैवेद्याच्या ताटाखाली सापडलं, आणि आजी त्याच्यावर ओरडल्या तेव्हा तो पाठमोरा होता, वळला.